आईला रशियन येत नाही

आमच्या घरी बीटाचं सार व्हायचं आणि त्यावर सावर क्रीमचा एक चमचा पडायचा. मिनेसोटातल्या ज्या थोड्या मराठी घरांशी आमचं जाणंयेणं होतं, त्यांतल्या कुठल्याच घरी असलं काही होत नसे. प्रधानकाकूंनी एकदा चाखून पाहिलं आणि "वेगळंच आहे हं" म्हणत वाटी हलकेच बाजूला सरकवली. आई हसली, पण त्या साराची कुळकथा काही तिनं त्यांना सांगितली नाही. ती बाहेर कुणाला सांगायची नाही, असं आमच्या घरात ठरलेलं होतं.

कुळकथा साधी होती. माझे आजोबा नागपूर सोडून भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला गेले तेव्हा आई दहा-अकरा वर्षांची होती. कारखाना उभारायला रशियन माणसं आली होती, बायकांना घेऊन. शेजारच्या क्वार्टरमध्ये गाल्या नावाची बाई राहायची. नवरा दिवसभर भट्टीवर, घरात मूलबाळ नाही, आणि वर भिलाईचा उन्हाळा. ती खिडक्यांना ओल्या चादरी बांधून आत अंधारात बसायची आणि गायची. आई चादरीचं टोक उचलून आत शिरायची. गाल्यानं तिला बीटाचं सूप शिकवलं. आजीनं त्याला जिऱ्याची फोडणी घातली आणि त्याचं सार झालं. भाषा मुद्दाम कुणी शिकवली नाही. लहान मुलांना लागते तशी ती आईच्या जिभेला लागली. आणि गाल्यानं तिला चालायला शिकवलं. हातात रुमाल धरायचा, मान ताठ, आणि घोळदार झग्याच्या आत इतकी बारीक, भराभर पावलं टाकायची की बघणाऱ्याला बाई चालतेय असं वाटूच नये, पाण्यावरून सरकतेय असं वाटावं. आई आजीचं जुनं लुगडं कमरेला गुंडाळून अंगणभर अशी सरकत राहायची. मग रशियन माणसं एकेक करून परत गेली, गाल्याही गेली. कुणी कुणाचा पत्ता घेतला नाही.

हे सगळं मला माहीत होतं ते आईनं सांगितलं म्हणून, पण पाहिलंही होतं. ईडन प्रेरीतल्या आमच्या स्वयंपाकघरात पिवळट लिनोलियम होतं. डिशवॉशर आम्ही कधी चालवत नसू, धुतलेली भांडी त्यात निथळत ठेवायची. दुपारी मी शाळेतून येई तेव्हा घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा घूं घूं आवाज, पोळ्यांचा वास आणि त्यात मिसळलेलं आईचं गुणगुणणं. आपण एकट्याच आहोत असं वाटलं की ती सिंकपासून स्टोव्हपर्यंत चालत जात नसे. पायात लोकरी मोजे, हातात पोळीचं फडकं, आणि ती सरकत जाई. मी दारातल्या पायपुसण्यावर बूट न काढता उभी राहून ते बघत असे. मला बघितलं की ती थांबायची आणि म्हणायची, "आलीस? दार लाव, थंडी येतेय." त्या वयात आपल्या आईत असं काही आहे याचं मला कौतुक नव्हतं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही ना, एवढंच मनात यायचं.

बाबांची कंपनी कंट्रोल सिस्टिम बनवायची. कशाचे कंट्रोल, हे बाबा घरी बोलत नसत. कंपनीला सरकारी कामं मिळू लागली होती आणि त्या कामांवर फक्त सिटिझन असलेल्यांनाच घेत. बाबांनी अर्ज केला होता, इंटरव्ह्यूची वाट बघत होते. शीतयुद्धाचा तो काळ आता मुलांना समजावून सांगता येत नाही. शाळेत कुणाला सगळ्यात वाईट काय म्हणायचं तर 'रशियन' म्हणायचे. रात्रीच्या बातम्यांत नकाशे यायचे, आमची क्षेपणास्त्रं इथे, त्यांची तिथे. बाबा भित्रे होते असं मी म्हणणार नाही. हिमवादळात गाडी सोडून पायी निघालेल्या एका अनोळखी म्हातारीला त्यांनी पाठीवर घेऊन तिच्या घरी पोचवलं होतं. पण ऑफिसर, शिक्का, टेबलापलीकडचा माणूस, यांच्यासमोर ते आक्रसायचे. आपल्या बायकोच्या माहेराला रशियन शेजार होता, ही गोष्ट कुणी तरी कधी तरी आपल्यासमोर ठेवेल, असं त्यांना कायम वाटत असे.

अशात एके दिवशी डॉरथीचा फोन आला. डॉरथी म्हणजे बाबांचे बॉस राल्फ यांची बायको. उंच, मोठ्यानं हसणारी, नाटक-नाचाची वेडी. आईनं फोन घेतला आणि "येस, येस, व्हेरी नाइस" म्हणत भिंतीला टेकली. जेवताना तिनं विषय काढला.

"अहो, रविवारी दुपारी शो आहे. त्यांच्याकडे जास्तीची तिकिटं आहेत. आपल्या तिघांनाही बोलावलंय."

"कसला शो?"

आई हसू दाबायला खाली बघत होती. "नाच-गाणी. रशियन. तिकडूनच आलीयेत माणसं."

बाबांनी चमचा खाली ठेवला. "कॅन्सल कर. ताप आलाय म्हणून सांग."

"कुणाला?"

"सुलभा, राल्फ माझा बॉस आहे."

"त्याच्याच बायकोनं बोलावलंय ना? तो स्वतः येतोय म्हणजे चालत असेल."

बाबा ताटातला भात एकीकडून दुसरीकडे करत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. जाऊ. पण तिथे तुझं भिलाई निघता कामा नये. गाल्या नाही, काही नाही. एक शब्द नाही. मंजिरी, तू पण."

"ओके," मी म्हटलं. मला मुळात जायचंच नव्हतं.

आई मात्र त्या आठवड्यात निराळीच झाली होती. कपाटातून हिरवी इरकल काढली, इस्त्री केली, परत घडी घालून ठेवली, परत काढली. रविवारी ती नेसून त्यावर फुगीर कोट आणि पायात बर्फाचे बूट. चांगल्या चपला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोटाच्या खिशात कोंबल्या होत्या आणि पिशवीचे कान बाहेर डोकावत होते. मी पंधरा वर्षांची होते. गाडीत बसल्यापासून मला ती पिशवी दिसत होती.

थिएटरच्या बाहेर फुटपाथवर काही लोक पाट्या घेऊन उभे होते. थंडीनं त्यांच्या तोंडातून वाफा येत होत्या. एकजण ओरडत होता, आत जाल तर त्यांच्या तुरुंगांना पैसे द्याल. दुसरा येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोटो काढत होता. बाबांनी टोपी पुढे ओढली आणि आमच्या दोघींच्या पुढे, जवळजवळ पळतच, दारातून आत गेले. आत राल्फ आणि डॉरथी वाट बघत होते. डॉरथीनं आईला मिठी मारली आणि साडीचा पदर हातात घेऊन "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणाली. आई एका पायावर उभी राहून बूट काढत होती आणि चपला फरशीवर ठेवत होती. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

पडदा वर गेला आणि पहिल्यांदा फक्त आवाज आला. तिकोनी पोटाच्या, तारा छेडून वाजवायच्या बाललाइका, लहान आणि मोठ्या, सगळ्यात मोठी तर टेबलाएवढी, आणि त्या सगळ्यांवर एकाच सुराचा थरथरता वर्षाव. मग माणसं नाचत आली. जमिनीपर्यंत बसून पाय पुढे फेकणारे, हवेत उडून पायाच्या बोटांना हात लावणारे. राल्फ प्रत्येक उडीला "हे!" करून मांडीवर थाप मारत होते. एका म्हाताऱ्यानं दोन लाकडी चमचे गुडघ्यावर, कोपरावर, कपाळावर वाजवत अख्खी लग्नाची वरात डोळ्यांपुढे उभी केली, घोड्यांच्या टापांसकट. मग दिवे मंद झाले आणि बायका आल्या. लांब लाल सराफान झगे, डोक्यावर मोत्यांचे उंच मुकुट, हातात रुमाल. त्या चालत नव्हत्या. सरकत होत्या. लोक श्वास रोखून बघत होते. डॉरथी आमच्याकडे वाकून कुजबुजली, "त्यांना चाकं लावलीयेत की काय?" मी आईकडे पाहिलं. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि साडीच्या आत तिचे पाय हलत होते. मला ते इरकलीच्या काठाच्या थरथरण्यावरून कळलं. बाबांनाही कळलं असावं. त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. बाहेरून बघणाऱ्याला तो प्रेमानं ठेवलाय असं वाटलं असतं.

शेवटच्या गाण्याला कलाकार खाली प्रेक्षकांत उतरले. एकेकाचा हात धरून वर नेत होते, मोठं रिंगण करायला. त्यांच्यात एक पन्नाशीची बाई होती, गाणाऱ्यांपैकी. जाड वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली, दात एक सोन्याचा. तिला अख्ख्या थिएटरात ती एकच साडी दिसली असणार. ती सरळ आमच्या रांगेत आली आणि हात पुढे केला. बाबा म्हणाले, "नो, नो, थँक यू." डॉरथी म्हणाली, "गो, सुलभा, गो!" आणि मागून ढकललंच तिला. आई उठली. बाबांचा हात तिच्या मनगटावरून घसरून खुर्चीवर पडला.

वर गेल्यावर बाकीची अमेरिकन मंडळी जशी हसत, अडखळत, एकमेकांच्या पायावर पाय देत फिरत होती तशी आई दोन पावलं फिरली. मग तिनं कमरेचा रुमाल काढला. मी डोळे मिटून घेतले, पण मिटून ठेवता येईनात. आई सरकत होती. मान ताठ, डोळे किंचित खाली, हिरव्या साडीच्या काठाखाली पाय आहेत की नाहीत ते कळत नव्हतं. वेणीवाली बाई गायची थांबली, मागे सरली, आणि मग मोठ्यानं हसून तिच्या समोर येऊन नाचू लागली. दोघी समोरासमोर. रिंगण आपोआप थांबलं. धृपद आलं तेव्हा आई गात होती, आणि माइक जवळच होता. एका भारतीय बाईचा पातळ, नाकातला आवाज रशियन शब्द म्हणत सगळ्या थिएटरात पसरला. गाणं संपल्यावर त्या बाईनं टाळ्यांच्या गजरात तिला काही तरी विचारलं आणि आईनं उत्तर दिलं. लोक उभे राहिले. मी खुर्चीत खाली खाली घसरत गेले. माझे कान तापले होते. माझ्या शाळेतलं कुणी तरी इथे असेल, उद्या सगळ्यांना सांगेल, एवढंच मला सुचत होतं.

"वस! ती त्यांच्याशी बोलतेय!" डॉरथी ओरडली. बाबांचं नाव वसंत, पण तिथे सगळे वस म्हणत.

राल्फ बाबांकडे वळले. "शी स्पीक्स रशियन?" त्यांनी विचारलं. आवाजात नवल होतं. आणखी काही होतं का, ते मला आजही सांगता येत नाही.

बाबा हसले. ते हसू मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "नो, नो," ते म्हणाले. "तिला काही येत नाही. कॉपी करते. आमच्याकडच्या बायका तशाच असतात, जे ऐकतील ते बोलतात. लाइक अ पॅरट." आणि त्यांनी हाताच्या बोटांनी चोचीसारखी खूण केली.

डॉरथी हसली. राल्फही थोडे हसले. मी बाबांच्या त्या बोटांकडे बघत होते. आईची लाज वाटणं मला सवयीचं होतं. ते डोकेदुखीसारखं येई आणि जाई. बाबांची लाज मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली, आणि ती कुठे ठेवायची हेच मला कळेना. ती चोच मी आईला कधीच सांगितली नाही.

आई खाली आली ती धापा टाकत, केस सुटलेले, चेहरा असा की मला ती माझ्याच वर्गातली वाटावी. डॉरथीनं तिचे दोन्ही हात धरले, "कुठे शिकलीस तू हे?" आईनं तोंड उघडलं. तिच्या आधी बाबा म्हणाले, "टीव्ही. ती फार टीव्ही बघते." आईनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा लगेच उतरला नाही. हळूहळू, कोट चढवता चढवता, बटणं लावता लावता उतरला.

एवढ्यावर भागलं असतं. पण लॉबीत गर्दी होती, एका टेबलावर लाकडी बाहुल्या विकायला ठेवल्या होत्या, आणि कलाकार तिथे येऊन लोकांना भेटत होते. वेणीवाली बाई आईला शोधतच आली असावी. मागोमाग करड्या सुटातला एक तरुण दुभाषी; कलाकारांवर नजर ठेवायलाही तोच असावा. तिनं आईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि भराभर बोलू लागली, मध्येच हसत, मध्येच आईच्या गालाला हात लावत. दुभाष्यानं सांगितलं, "ती विचारतेय की हे तुम्हाला कुणी शिकवलं. तुम्ही म्हटलेलं एक कडवं फक्त तिच्याच भागातल्या गावांत म्हणतात." दुभाष्याची खरं तर आईला गरज नव्हती. राल्फ आणि डॉरथी जवळच उभे होते. दाराबाहेर तो फोटो काढणारा माणूस काचेतून आत बघत होता.

"सॉरी," बाबा म्हणाले, "माय वाइफ डझन्ट अंडरस्टँड." आणि आईचा कोपर धरला.

दुभाषी आईकडे बघत होता. बाईही आईकडेच बघत होती, वाट बघत, भुवया उंचावून. आईनं एकदा बाबांकडे पाहिलं. मग ती त्या बाईला म्हणाली, इंग्रजीत, अगदी स्पष्ट, "सॉरी. आय डोन्ट अंडरस्टँड."

बाईचं हसू तसंच राहिलं क्षणभर, कारण इंग्रजी तिला कळलं नव्हतं. दुभाष्यानं तिला सांगितलं. तिनं आईकडे पाहिलं, बाबांच्या हाताकडे पाहिलं, आईच्या कोपरावर रुतलेल्या बोटांकडे. मग तिनं आपल्या खांद्यावरून मागे, त्या करड्या सुटाकडे एक नजर टाकली. आणि तिनं मान हलवली, फार थोडीशी, जणू आईनं तिला अगदी खरं उत्तर दिलं होतं. हात सोडला. दुभाष्याला काही तरी दोन शब्द बोलली आणि बाहुल्यांच्या टेबलाकडे निघून गेली. तिला सगळं कळलं होतं. तिच्या देशात तिला ते रोज कळत असणार. अमेरिकेच्या भूमीवर, उबदार लॉबीत, आम्ही तिला ते पुन्हा एकदा दाखवलं होतं. हे शब्द अर्थात आजचे. तेव्हा मी नुसती मान खाली घालून तिथल्या गालिच्यावरची नक्षी बघत होते आणि चेहरा असा जळत होता की थंडीत बाहेर पडल्यावर बरं वाटलं.

घरी येऊन आईनं खिचडी टाकली. बाबा टीव्ही न लावता सोफ्यावर बसले होते. थोड्या वेळानं ते उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"सुलभा, इंटरव्ह्यू होईपर्यंत फक्त. मग काय..."

"पापड भाजू की तळू?" आईनं विचारलं.

"भाज," बाबा म्हणाले, आणि परत जाऊन बसले.

इंटरव्ह्यू पुढच्या उन्हाळ्यात झाला. बाबा घरी आले तेव्हा टाय सैल करत हसत होते, पण हसू पुरतं चेहऱ्यावर येत नव्हतं. "काहीच विचारलं नाही गं," ते म्हणाले. "सिनेटर किती असतात ते विचारलं. माहेरबिहेर काही नाही." आई म्हणाली, "मग झालं तर," आणि त्यांच्या हातात साखर ठेवली. राल्फनीही त्या दिवसानंतर कधी काही विचारलं नव्हतं. ते रिटायर होईपर्यंत दर ख्रिसमसला आमच्याकडे जेवायला येत राहिले.

काही दिवसांनी बाबांनी एक कॅसेट आणली. कुठल्या दुकानात शोधली असेल कोण जाणे; रशियन लोकगीतं होती, कव्हरवर लाल झगे. कुणाला न सांगता त्यांनी ती गाडीत लावून ठेवली. आम्ही तिघं ग्रोसरीला निघालो होतो. गाडी सुरू झाली आणि बाललाइका वाजू लागल्या. बाबा समोर बघत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, लहान मुलानं मार्क सांगून थांबावं तसे. आईनं थोडा वेळ ऐकलं. मग बटण दाबलं, कॅसेट बाहेर आली, ती तिनं नीट डबीत घालून कप्प्यात ठेवली. "दही संपलंय," ती म्हणाली, "आधी डेअरीकडे घ्या." बाबांनी इंडिकेटर लावला. त्यानंतर स्वयंपाकघरात तिचं गुणगुणणं ऐकू आलं तरी ते मराठी असे, आणि सिंकपासून स्टोव्हपर्यंत ती सगळ्या बायकांसारखी चालत जाई.

बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडे मॉरिसव्हिलला असते, ऐंशी ओलांडली आहे, मीही साठीला टेकले. मला कायम वाटत आलं की त्या दुपारी बाबांनी तिचं काही तरी हिरावून घेतलं, आणि ती आयुष्यभर त्यांच्यावर रागावून राहिली. हे मी मुलांनाही असंच सांगितलं होतं. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो तेव्हा मी शेवटी विचारलंच.

"आई, त्या दिवशी बाबांचा फार राग आला होता का गं?"

कुठल्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "ते घाबरले होते. घाबरलेल्या माणसाचा काय राग धरायचा." तिनं आणखी दोन शेंगा सोलल्या. "मी नव्हते घाबरले, मंजू. मला पक्कं आठवतंय. जराही भीती वाटत नव्हती. त्या बाईनं इतक्या मायेनं हात धरलेला. कुणी शिकवलं म्हणून विचारत होती. नुसतं एक गाल्याचं नाव घ्यायचं होतं. आणि मी म्हटलं, कळत नाही. इतकं सहज म्हटलं की माझं मलाच खरं वाटलं."

"तू आमच्यासाठी म्हणालीस," मी म्हटलं. "बाबांच्या नोकरीसाठी."

"नाही गं," आई म्हणाली. "उगाच तसं म्हणू नकोस."

भांड्यातले मटार पुरेसे झाले होते. शेंगाही संपल्या होत्या. ती सालपटांच्या ढिगात हात घालून, एकेक साल उलगडून, आत एखादा दाणा राहिलाय का ते बघत बसली.